पट्टी कुठंय? दिल्लीला सूचना पाठवल्या, त्याचा माझा अनुभव

आधीच सांगून टाकते, ऑनलाइन बाजाराच्या नव्या कायद्याच्या मसुद्यावर आम्ही पाठवलेल्या सूचनांना कुणाचं उत्तर आलेलं नाही. येईल असं वाटलंही नव्हतं. तरी त्यात दोन महिने घातले, आणि ते कसे गेले ते लिहितेय. कारण ‘सरकारने सूचना मागवल्या’ ही बातमी दिसली की आपण पान उलटतो. मीही उलटणारच होते.

माझा धंदा येसुराचा. बाजरी, गहू, हरभऱ्याची डाळ भाजायची, खडा मसाला घालायचा आणि दळायचं. मराठवाड्यातल्या लग्नाच्या पंगतीत आमटीला जो दाटपणा आणि वास असतो तो त्याचा. लातुरात येसूर विकत घ्यायची पद्धत नाही, घरोघरी होतं. पण पुण्याला नोकरीला गेलेली आमची माणसं घेतात, हैदराबाद-बंगळुरूची घेतात. म्हणून ऑनलाइन. माल राज्याबाहेर जातो म्हणून जीएसटी नंबर काढला, अन्न परवान्याची नोंदणी केली, चार बायका कामाला घेतल्या आणि एका मोठ्या प्लॅटफॉर्मवर दुकान मांडलं. नाव घेत नाही. अजून तिथंच विकते.

फेब्रुवारी २०२४ मध्ये एक हिशेब जुळेना. गिऱ्हाइकानं ३२० रुपये भरलेले, माझ्या खात्यात १९८. कमिशन कळलं, कुरिअर कळलं, त्यावरचा १८ टक्के जीएसटी कळला, सरकारजमा होणारा कर कळला. सगळं वजा करूनही सव्वीस रुपये कुठं गेले ते सापडेना. तक्रार टाकली. ‘आपल्या संयमाबद्दल आभार’ असं उत्तर आलं. पुन्हा टाकली. पुन्हा आभार.

माझे वडील लातूरच्या मार्केट यार्डात मापाडी होते. सौदा निघाला की कट्टे काट्यावर, वजन वहीत, आणि शेवटी शेतकऱ्याच्या हातात पट्टी. किती कट्टे, किती वजन, काय भाव, हमाली किती, तोलाई किती, खाली हातात पडणारी रक्कम. भांडणं व्हायची. कडत्यावरून, म्हणजे वजनातून जी घट धरून कापायचे तिच्यावरून, तर रोज व्हायची. पण भांडायला हातात कागद असायचा. त्या सव्वीस रुपयांच्या निमित्तानं मला पहिल्यांदा जाणवलं, की तीन वर्षं मी अशा बाजारात माल घालतेय जिथं पट्टीच नाही.

१२ मार्चला दिल्लीतल्या कंपनी व्यवहार मंत्रालयानं एका समितीचा अहवाल आणि त्यासोबत डिजिटल स्पर्धा विधेयकाचा मसुदा खुला केला. ही बातमी भाच्यानं मोबाइलवर दाखवली. तो ताईचा मुलगा, इथंच गाडीवरून खाण्याच्या ऑर्डरी पोचवतो. ‘मावशी, तुझ्या धंद्याचंच काहीतरी करूलालेत बघ,’ म्हणाला. १५ एप्रिलपर्यंत सूचना पाठवायच्या होत्या.

आमच्या हाती आला तो मसुदा इंग्रजीत. मी बी.कॉम. आहे, हिशेबाचं इंग्रजी वाचते. कायद्याचं इंग्रजी वेगळंच जनावर असतं. पहिल्या रात्री चार पानं झाली आणि झोप लागली. मग रोज रात्री जेवणं झाल्यावर मी आणि भाचा बसायचो. तो मोबाइलवर भाषांतर करून वाचायचा. त्या भाषांतरात ‘धंदेवाईक वापरकर्ता’ असा शब्द आला तेव्हा दोघं पोट धरून हसलो. ती मी होते.

हळूहळू उलगडलं ते असं. आपल्याकडं २००२ चा स्पर्धा कायदा आहे, पण बाजारात कुणी दांडगाई केली तर आधी ती व्हावी लागते, मग चौकशी, मग दंड. अँड्रॉइड फोनच्या प्रकरणात गुगलची चौकशी करायचा आदेश स्पर्धा आयोगानं एप्रिल २०१९ मध्ये दिला आणि १,३३७.७६ कोटींचा दंड झाला ऑक्टोबर २०२२ मध्ये. साडेतीन वर्षं. तेवढ्यात माझ्यासारखीचं दुकान दोनदा बसेल. म्हणून नव्या मसुद्यात उलटी रीत होती. जे फार मोठे आहेत त्यांची यादी आधीच करायची आणि काय करायचं नाही ते त्यांना आधीच सांगायचं. फार मोठे म्हणजे किती? भारतातली उलाढाल ४,००० कोटी, किंवा इथं विकल्या गेलेल्या मालाची किंमत १६,००० कोटी, अशा काही पैशांच्या कसोट्या. त्यातली एक तरी लागू व्हायला हवी. शिवाय किमान १ कोटी ग्राहक किंवा १०,००० विक्रेते. स्वतःचा माल पुढं ढकलायचा नाही, विक्रेत्याची आतली माहिती वापरून त्याच्याशीच स्पर्धा करायची नाही, एक सेवा घेतली म्हणून दुसरी गळ्यात मारायची नाही. मोडलं तर जगभरातल्या उलाढालीच्या १० टक्क्यांपर्यंत दंड.

वाचून मला इतका आनंद झाला की एका बैठकीत सहा पानी पत्र लिहिलं.

ते घेऊन आमच्या वकील भाऊजींकडं गेले. ते कोर्टात जमिनीच्या वाटण्या आणि बांधाची भांडणं चालवतात, डिजिटल वगैरेशी त्यांचा संबंध नाही. सहा पानं शांतपणे वाचली, चहा मागवला आणि म्हणाले, ‘वहिनी, ही तक्रार झाली. त्यांनी सूचना मागितलीय. कोणतं कलम, त्यात कोणता शब्द पाहिजे, तो नसल्यानं तुमचं काय झालं, एवढंच लिहा. रडायला वेगळा कागद घ्या.’ राग आला. पण त्यांचं बरोबर होतं. आणि पुढचा प्रश्न त्याहून अवघड निघाला, ‘पुरावा?’

मी लिहिलं होतं की ‘येसूर’ शोधलं की आधी प्लॅटफॉर्मच्या स्वतःच्या नावाचा मसाला दिसतो आणि माझं पाकीट खाली जातं. खरंच तसं दिसत होतं. पण कधी दिसलं, कुठल्या फोनवर, किती वेळा? माझ्याकडं एकही फोटो नव्हता. मग पुढचे पंधरा दिवस रोज सकाळी दहाला ताईच्या फोनवर आणि रात्री नऊला शेजारणीच्या फोनवर ‘येसूर’ शोधायचं आणि पडद्याचा फोटो काढून ठेवायचा असा नेम केला. निकाल माझ्या पत्राएवढा भयंकर नव्हता, हे कबूल करते. जवळजवळ रोज वर जाहिरात होती, पण ती प्लॅटफॉर्मच्या मसाल्याची निम्म्याच वेळा. बाकी वेळा माझ्यासारख्याच दुसऱ्या कुणाची, पैसे भरून वर आलेली. मग तसंच लिहिलं. वर यायला पैसे लागतात हे मला मान्य आहे, पण कुणी पैसे भरले म्हणून वर आलंय आणि कुणी मालकाचं आहे म्हणून, ते गिऱ्हाइकाला आणि मला दिसलं पाहिजे.

एप्रिलमध्ये मुदत १५ मेपर्यंत वाढली. बरंच झालं. इकडं निवडणुकीची धामधूम, ७ मेला लातूरचं मतदान. दिवसभर भोंगे फिरायचे. येसुराबद्दल कुणी बोलत नव्हतं, ते मी समजू शकते.

आता भाच्याचं. लातुरात ऑर्डरी कुठून येतात म्हणाल तर ट्यूशन एरियातून. डॉक्टर व्हायला आलेली पोरं खोल्यांवर राहतात, मेसला कंटाळतात आणि रात्री मागवतात. ५ मेला ‘नीट’, म्हणजे डॉक्टरकीची प्रवेश परीक्षा, झाली, पोरं बॅगा भरून गावाकडं गेली आणि त्याच्या ऑर्डरी एकदम खाली आल्या. त्यात एका गिऱ्हाइकानं ‘पार्सल मिळालंच नाही’ म्हटल्यावर त्याचा आयडी चार दिवस बंद. विचारायचं कुणाला? ॲपला. ॲप म्हणालं, संयमाबद्दल आभार.

दोघांचं उत्तर एकच निघालं म्हटल्यावर त्याचं दुखणंही सूचनेत घालायचं ठरलं. पण घालायचं कुठं? मसुद्यात ग्राहक होता, धंदेवाईक वापरकर्ता होता, कामगार हा शब्द आम्हाला कुठं दिसला नाही. वकील भाऊजींनी व्याख्या तीनदा वाचली. धंदेवाईक वापरकर्ता म्हणजे वस्तू किंवा सेवा पुरवणारी व्यक्ती. ‘मग हा सेवा पुरवतोच की,’ ते म्हणाले, ‘कंपनी ह्याला पार्टनर म्हणते ना? मग पार्टनरचे हक्कही द्या म्हणावं.’ भाचा खूश. मला मात्र ते खटकलं. पोरगं रोजंदारीवर राबतंय आणि आपणच त्याला व्यापारी ठरवायचं? यावर एक अख्खी संध्याकाळ वाद झाला. शेवटी लिहिलं असं, की पोचवणारा या व्याख्येत येतो की नाही ते कायद्यानं स्पष्ट सांगावं. आला तरी कामगार म्हणून त्याचे जे हक्क असतील ते त्यामुळं बुडू नयेत.

ताई त्या वादात भाजी निवडत बसली होती. तिनं तिचं सांगितलं. मिक्सर मागवला तेव्हा बिलात १४९ रुपयांचा कसला तरी ‘सुरक्षा प्लॅन’ आपोआप शिरला होता. तिनं १९१५ वर, म्हणजे ग्राहक हेल्पलाइनला, फोन लावला, बाई मराठीत बोलली, आणि पैसे परत आले. हे ऐकून मी चाटच पडले. न मागितलेली वस्तू टोपलीत सरकवणं हा प्रकार ग्राहकाला फसवणाऱ्या युक्त्यांविरुद्ध केंद्रानं काढलेल्या ३० नोव्हेंबर २०२३ च्या मार्गदर्शक सूचनांत नावानिशी आहे, असे १३ प्रकार त्यात दिलेत. शिवाय ई-कॉमर्सच्या २०२० च्या नियमांप्रमाणं ग्राहकाच्या तक्रारीची पोच ४८ तासांत द्यावी लागते आणि महिन्याभरात तिचा निकाल लावावा लागतो. म्हणजे घेणाऱ्या ताईला घड्याळ आहे. विकणाऱ्या मला नाही, पोचवणाऱ्या तिच्या पोराला नाही. आणि आम्ही तिघं एकाच ताटातली भाकरी मोडतो! दिल्लीत मात्र ताईचं खातं ग्राहकांचं, भाच्याचं श्रमाचं, माझं कंपनी व्यवहाराचं.

सह्या गोळा करायला गेले तो भाग थोडक्यात सांगते, कारण अजून वाईट वाटतं. माझ्यासारखे ऑनलाइन विकणारे अकरा जण मला माहीत होते. गोधड्या, पापड, शेंगाचटणी, तूरडाळ. सगळ्यांनी पत्र वाचलं, सगळे ‘एकदम बरोबर’ म्हणाले, सही दोघांनी केली. दुकान बंद केलं तर? मी त्यांना दोष देत नाही. माझंही नाव लिहिताना हात थांबला होता. मग त्या भीतीचीच एक सूचना केली. तक्रार केली म्हणून खातं बंद करता येणार नाही, आणि बंद करायचंच असेल तर कारण लेखी द्यायचं.

शेवटच्या मसुद्यात चारच मुद्दे उरले. पहिला पट्टीचा. प्रत्येक विक्रीमागं विकणाऱ्याला आणि प्रत्येक फेरीमागं पोचवणाऱ्याला, काय कापलं आणि का, याचा कागद. भाऊजींना ‘पट्टी’ला इंग्रजी शब्द मिळेना. स्टेटमेंट म्हटलं तर बँकेचं वाटतं, इन्व्हॉइस म्हटलं तर उलटं होतं. मग रोमन लिपीत ‘पट्टी’च लिहिलं आणि खाली चार ओळींत समजावलं. दुसरा तक्रारीच्या घड्याळाचा, तिसरा खातं बंद करण्याचा. चौथा माझ्या वडिलांच्या आठवणीतून आला. बाजार समितीच्या १८ संचालकांत व्यापारी-आडत्यांचे २ असतात, तसा हमाल-मापाड्यांचा १ असतो. तो एकटा काय करतो, असं यार्डात हसून म्हणतात, आणि बऱ्याचदा खरंही असतं. पण तोलणाऱ्याची खुर्ची तिथं आहे. डिजिटल बाजाराच्या देखरेखीत अशी खुर्ची ठेवा, असं लिहिलं.

१० मेला अक्षय तृतीया होती. सकाळी पुरणपोळी, दुपारी लाइट गेलेली, संध्याकाळी लाइट आल्यावर पाठवलं. फाइल आधी जाईना, फोटो जड झाले होते. भाच्यानं ते लहान केले. पोच आली तिचा कागद काढून देवघरात ठेवला, ताई हसली.

मी हे लिहीपर्यंत त्या मसुद्याचा कायदा झालेला नाही. सव्वीस रुपयांचा उलगडा मात्र झाला. पाकिटाचं वजन त्यांच्याकडं अर्धा किलोऐवजी एक किलो चढलं होतं, म्हणून कुरिअर जास्त कापलं जात होतं. हे मला त्यांनी सांगितलं नाही, पुण्याच्या एका विक्रेतीनं सांगितलं. आता मी प्रत्येक पाकीट काट्यावर ठेवून फोटो काढते. मापाड्याची लेक, आणि अक्कल आली तीन वर्षांनी.

श्रमाच्या खात्यात काहीतरी हललं. सामाजिक सुरक्षा संहिता २१ नोव्हेंबर २०२५ पासून लागू झाली. तिच्यात भाच्यासारख्यांचं नाव आहे, आणि प्लॅटफॉर्मनं उलाढालीच्या १ ते २ टक्के त्यांच्या सुरक्षेसाठी द्यायचे असं आहे, कामगारांना दिलेल्या रकमेच्या ५ टक्क्यांच्या मर्यादेत. यार्डातल्या हमालांसाठी १९६९ च्या माथाडी कायद्यानं मजुरीवर लेव्ही बसवली, त्याच जातीची ही गोष्ट. डिसेंबरअखेर नियमांचा मसुदा आला. त्यात या सुरक्षेचा लाभ मिळायला एका प्लॅटफॉर्मवर वर्षाला ९० दिवस किंवा अनेकांवर मिळून १२० दिवस काम केलेलं असावं, अशी अट आहे.

‘आणि आयडी बंद असतो ते दिवस?’ भाच्यानं लगेच विचारलं. यावेळी मी काही बोलले नाही, फक्त जुनी फाइल त्याच्यापुढं सरकवली. त्यानं तारखा काढल्या. दोन वर्षांत आयडी पाच वेळा बंद, मिळून सतरा दिवस. वकील भाऊजींकडं तो एकटाच गेला. दीड पान लिहून आणलं, त्यातलं अर्धं पान रडं. ते मी खोडलं.