पिस्तूल डिकीत ठेवून हॅरिसबर्ग ते नॅशुआ

पेनसिल्व्हेनियातील हॅरिसबर्गहून न्यू हॅम्पशायरमधील नॅशुआजवळच्या एका नेमबाजी स्पर्धेला मोटारीने जाताना न्यूयॉर्क, कनेक्टिकट आणि मॅसॅच्युसेट्स ही तीन राज्ये ओलांडावी लागतात, आणि पेनसिल्व्हेनियाचा शस्त्रपरवाना त्यांपैकी एकातही चालत नाही. तरीही हा प्रवास शक्य होतो तो 1986 च्या संघीय कायद्यातील एका तरतुदीमुळे. जिथून निघालो आणि जिथे पोहोचणार, त्या दोन्ही ठिकाणी शस्त्र जवळ बाळगणे आपल्याला कायद्याने मोकळे असेल, शस्त्र रिकामे असेल आणि ते व काडतुसे हाताशी नसतील, तर मधल्या राज्यांतून जाता येते. न्यू हॅम्पशायरने 2017 मध्ये परवान्याची अट काढून टाकल्यामुळे तिकडची बाजू सोपी झाली आहे.

निघण्यापूर्वी स्लाइड (पिस्तुलाचा वरचा सरकता भाग) मागे अडकवून, चेंबर (गोळी बसते ती जागा) बोटाने चाचपून पिस्तूल कुलपाच्या पेटीत ठेवले. काडतुसे वेगळ्या पत्र्याच्या डब्यात, आणि दोन्ही डिकीत. ज्यांच्या गाडीला स्वतंत्र डिकी नाही त्यांनी दोन्ही वस्तू कुलूपबंद पेटीतच ठेवाव्यात. ग्लव्ह बॉक्स किंवा दोन आसनांमधला कप्पा, कुलूप असले तरी, चालत नाही. मॅगझिनकडे, म्हणजे पिस्तुलात बसणाऱ्या काडतुसांच्या खोक्याकडे, मात्र बहुतेकांचे दुर्लक्ष होते. सतरा काडतुसांचे नेहमीचे मॅगझिन पेनसिल्व्हेनियात आणि न्यू हॅम्पशायरमध्ये चालते, पण मधल्या तिन्ही राज्यांत मर्यादा दहाची आहे आणि संघीय तरतुदीत शस्त्र व काडतुसे यांचा उल्लेख असला तरी मॅगझिनचा नाही. वाद घालत बसण्यापेक्षा दहाची मॅगझिन नेणे स्वस्त पडते.

न्यू जर्सीतून जाणारा रस्ता जाणूनबुजून टाळला. तिथे पोकळ टोकाच्या गोळ्यांवरही निर्बंध आहेत. 81 क्रमांकाच्या महामार्गाने स्क्रँटन गाठायचे, तिथेच टाकी भरून घ्यायची आणि 84 ने पूर्वेकडे निघायचे, हा मार्ग मला अधिक निर्धोक वाटतो. वाटेत मुक्काम करू नये, हे ठासून सांगण्यामागे कारण आहे. यूटातील एका प्रवाशाचे पुढचे विमान 2005 मध्ये न्यू जर्सीतल्या नेवार्कला चुकले, त्याने पिस्तूल असलेले सामान रात्री हॉटेलात नेले आणि सकाळी विमानतळावर ते स्वतःहून जाहीर केल्यावर त्याला अटक झाली. हॉटेलात सामान त्याच्या हाताशी होते, म्हणून तरतुदीचे संरक्षण लागू होत नाही, असा निर्णय अपील न्यायालयाने 2010 मध्ये दिला. प्रामाणिकपणा इथे कामी आला नाही.

कनेक्टिकटमध्ये शिरल्यावर थोड्याच वेळात न्यूटाउनची पाटी येते. डिसेंबर 2012 मध्ये तिथल्या सँडी हुक शाळेत वीस मुले आणि सहा प्रौढ मारले गेले, आणि त्यानंतर काही महिन्यांतच कनेक्टिकट व न्यूयॉर्क या दोन्ही राज्यांनी कायदे कडक केले. या नियमांना नुसता जाच म्हणणाऱ्यांनी त्या पाटीजवळून एकदा जावे, असे मला वाटते.

स्टरब्रिजनंतर 90, 290, 495 आणि शेवटी 3 क्रमांकाचा रस्ता नॅशुआला पोहोचवतो. मॅसॅच्युसेट्समध्ये परवान्याविना पिस्तूल बाळगल्यास किमान अठरा महिन्यांची कैद आहे आणि 2024 च्या नव्या कायद्याने नियम आणखी बदलले आहेत; तेव्हा बोस्टनकडच्या नातेवाइकांनी कितीही आग्रह केला तरी जेवायला आणि राहायला जाणे शस्त्र घरी असतानाच्या फेरीसाठी राखून ठेवावे.

न्यूयॉर्कचा सध्याचा कायदा 1 सप्टेंबर 2022 रोजी, राज्याचा जुना परवाना-नियम घटनाबाह्य ठरवणाऱ्या सर्वोच्च न्यायालयाच्या जूनमधील निकालानंतर अवघ्या दहा आठवड्यांत अमलात आला. म्हणून मागच्या वर्षीच्या टिपणांवर विसंबू नये. निघण्याच्या आठवड्यात प्रत्येक राज्याच्या पोलिसांचे किंवा ॲटर्नी जनरलचे संकेतस्थळ पाहावे, आणि विधेयकावर सही कधी झाली यापेक्षा ते लागू कधी होते ही तारीख टिपून घ्यावी.

आपल्या मंडळींसाठी आणखी एक गोष्ट. ग्रीनकार्डधारकाला शस्त्र बाळगता येते. एच-1बी व्हिसावरील व्यक्तीला, वैध शिकार परवान्यासारखे मोजके अपवाद सोडता, संघीय कायद्याने मनाई आहे. त्यामुळे व्हिसावरचा भाचा सोबत असेल, तर पेटीची किल्ली क्षणभरही त्याच्याकडे देऊ नये. न्यू हॅम्पशायरमध्ये विक्रीकर नसल्याने तिथल्या दुकानात पिस्तूल घेण्याचा मोह होतो, परंतु परराज्यातील ग्राहकाला ते हातात मिळत नाही. ते आपल्या राज्यातील परवानाधारक विक्रेत्याकडे पाठवले जाते आणि तिथे तपासणी झाल्यावरच ताब्यात येते.