शेपटीखालची फिन आणि 23 दिवस

ऑगस्टमध्ये आमच्या ओहायोत पहाटे हवा इतकी निवांत असते की धावपट्टीकडेचा वाऱ्याचा मोजा नुसता लोंबत असतो. विमानाच्या चाचणीला याहून चांगली वेळ नाही. गेल्या वर्षी अशा कितीतरी पहाटे मी हँगरचं दार उघडलं, पंखांवरचं दव पुसलं, दार लावलं आणि घरी आलो. एका ईमेलच्या उत्तरासाठी.

दोन सीटचं हे अ‍ॅल्युमिनियमचं विमान मी गॅरेजमध्ये साडेसहा वर्षं खपून बांधलं. उड्डाणाचे पहिले 40 तास सुरळीत गेले. मग चाकांना फेअरिंग, म्हणजे हवेचा अडथळा कमी करणारी निमुळती आवरणं, बसवल्या. वेग 6 नॉटनी वाढला, पण विमान शेपूट हलवायला लागलं. हवा जरा उसळली की नाक डावीकडे, उजवीकडे, पुन्हा डावीकडे. शेजारी बसलेल्या बायकोला वीस मिनिटांत मळमळायला लागलं.

नाक वाऱ्यात सरळ ठेवायचं काम शेपटीच्या उभ्या भागाचं, म्हणजे स्थिर फिन आणि तिच्यामागच्या हलत्या रडरचं. गुरुत्वमध्याच्या पुढे, विशेषतः पुढच्या चाकावर, बाजूनं वारा अडवणारं काही वाढवलं की शेपटी कमी पडते. रडरच्या पेडलवरचे पाय काढले तर रडर वाऱ्याबरोबर मोकळा फिरतो आणि तिचा जोर आणखी घटतो. माझं विमान पाय घट्ट रोवले तर दोन झोक्यांत थांबायचं, पाय काढले तर सहा. ही तुलना सगळ्यात आधी करा.

मी आधी पाठीवर, फिनच्या पुढे, डॉर्सल फिन लावली. दुसऱ्या महायुद्धातल्या मस्टँग या लढाऊ विमानाच्या डी मॉडेलला ती लावून फायदा झाला होता. मला काडीचा फरक पडला नाही. हँगरमधल्या एका जुन्या बिल्डरनी समजावलं, "ती मोठ्या कोनात घसरताना शेपटी वाचवते. तुझं दुखणं शून्य अंशाच्या आसपास आहे. तिथे नुसतं क्षेत्रफळ वाढव." म्हणून शेपटीखाली सात इंच उंचीची फिन.

आता अडकलो ते इथे. असा बदल केला की पुन्हा किमान 5 तास एकट्यानं, ठरलेल्या क्षेत्रात उडवावं लागतं, आणि ते क्षेत्र अमेरिकेच्या विमान वाहतूक खात्याच्या (FAA) स्थानिक कार्यालयानं मान्य करावं लागतं. नियम योग्यच आहे. डॉर्सल फिनच्या वेळी चार दिवसांत उत्तर आलं होतं. या वेळी नऊ दिवस काहीच नाही. फोन केला तर संबंधित माणूस रजेवर. मग एका ओळीचा प्रश्न आला: बदल नेमका काय? त्याच संध्याकाळी मापं, फोटो, सगळं पाठवलं. पुन्हा आठ दिवस शांतता. नंतर विचारणा झाली ती चाचणी क्षेत्राच्या नकाशाची! दोन महिन्यांपूर्वी त्यांनीच मान्य केलेलं तेच क्षेत्र, तोच नकाशा. मी पुन्हा पाठवला. 23व्या दिवशी दोन ओळींचं उत्तर आलं, क्षेत्र योग्य आहे म्हणून. काय काय हवंय ते पहिल्याच दिवशी सांगितलं असतं तर त्याच आठवड्यात मी उडालो असतो. अजूनही आठवलं की चीड येते. तुम्ही पहिल्याच पत्रात फिनचं मापासहित रेखाचित्र, क्षेत्राच्या चारही सीमांचा नकाशा आणि आधीच्या मंजुरीची प्रत जोडा. तिसऱ्या दिवशी फोन करा. मी भिडेखातर नऊ दिवस थांबलो, ते चुकलं.

24व्या पहाटे 3,000 फुटांवर रडर दाबून स्लिप इंडिकेटरचा (विमान बाजूला घसरतंय का ते दाखवणाऱ्या उपकरणाचा) गोळा अर्धा बाहेर नेला आणि दोन्ही पाय उचलले. एक झोका, दुसरा अर्धवट, आणि गोळा मधोमध. मी तेच पुन्हा केलं. सात वेळा केलं. ओरडलो सुद्धा.

हो, वजनाचं राहिलंच. फिन जेमतेम 600 ग्रॅमची, पण बसते अगदी टोकाला, म्हणून विमान पुन्हा तोलून गुरुत्वमध्य काढा. तो मागे सरकला तर विमानाचं स्थैर्य कमी होतं. आणि रिव्हेट मारण्याआधी कुणाला तरी शेपटी खाली दाबायला सांगून फिन जमिनीला टेकत नाही ना, ते वाकून बघा.