मामांच्या लेथची सेपरेट लाईन

मामा आयुष्यभर कोल्हापूरच्या उद्यमनगरात टर्नर होते. रिटायर झाल्यावर एक जुना सहा फुटी लेथ, म्हणजे धातूचा तुकडा फिरवून कापायचं मशीन, घेऊन त्यांनी परसातल्या शेडमध्ये बसवला. पितळी भोवरे, शिलाई मशीनचे बाजारात न मिळणारे पार्ट, नातवाला छोटी इंजिनं, असलं काहीबाही करत बसतात. मला फोन आला तो एवढाच: "मोटार उचलत नाही लेका. मशीनला सेपरेट लाईन टाकून दे."

मोटार सिंगल फेज, 2 एचपी. चालू झाली की 11-12 अँप घेते, हे घरच्या पॉवर प्लगला झेपतं. पण उचलताना ती पाच-सहापट खेचते, आणि खरी गोची तिथंच आहे. शेडची जोडणी स्वयंपाकघराच्या प्लगवरून होती. घरापासून शेडपर्यंत पंचवीस मीटर वायर, ती पण एक एमएमची फ्लेक्सिबल, टेबल फॅनला लावतात तसली. जाऊन-येऊन पन्नास मीटर, म्हणजे वायरचाच रेझिस्टन्स जवळपास एक ओहम. मोटार उचलते त्या क्षणाला पन्नासेक व्होल्ट वायरीतच खलास. मोटार नुसती घुमते, स्पीड घेत नाही. स्पीड घेतला नाही तर आतला सेंट्रीफ्यूगल स्विच, जो स्पीड आला की आपोआप सुटतो, तो सुटत नाही, आणि उचलायला जोर देण्यापुरता, दोन-तीन सेकंदांसाठी असलेला स्टार्टिंग कॅपॅसिटर तसाच लाईनवर राहून फुटतो. मामांनी कॅपॅसिटर बदलून घेतला होता. बदलणाऱ्यानं वायरीकडं बघितलंही नाही.

मी मेन बोर्ड उघडला. त्या प्लगला 32 अँपचा एमसीबी, म्हणजे करंट वाढला की आपोआप पडणारा स्विच! मामा म्हणाले, "आधी 16 चा होता. मशीन चालू केलं की पडायचा. एकानं हा बसवला, तेव्हापासून पडत नाही." का पडेल? आधीचा बी कर्व्हचा असणार, तो तीन ते पाचपट करंटलाच पडतो. मोटारीला सी कर्व्ह लावायचा, तो पाच ते दहापट सोसतो. अँप वाढवायचेच नसतात, कर्व्ह बदलायचा असतो. आणि एक एमएमच्या वायरीमागं 32 चा एमसीबी म्हणजे आधी वायर जळणार, मग एमसीबीला जाग येणार. दुकानातही गिऱ्हाईक "मोठा द्या" म्हणतं आणि दुकानदार मोठा देतो. कर्व्ह विचारणारा दुकानदार माझ्या बघण्यात फार नाही.

इथवर रोजचंच होतं. शेडमधला प्लग टॉप उघडला आणि थांबलो. अर्थची हिरवी वायर पिनेतून काढून मागं वळवलेली, टोकाला स्लीव्ह, त्यावर टेपचे एकसारखे वेढे. इतकं स्वच्छ काम की क्षणभर कौतुक वाटलं. असे वेढे कोण देतो हेही मला माहीत होतं. आयटीआयला आम्ही एकाच बाकावर होतो.

लेथच्या कॅरेजला, म्हणजे हत्यार धरून सरकणाऱ्या भागाला, टेस्टर लावला, पेटला. नुसत्या टेस्टरवर विश्वास नको म्हणून बॉडी आणि बोर्डातला अर्थ यांत मीटर धरला. 160 व्होल्टच्या वर. प्लग काढून मोटारीवर मेगर, म्हणजे इन्सुलेशन मोजायचा मीटर, लावला, तर वाइंडिंग ते बॉडी काटा शून्यावरून हलेना. निदान एक मेगओहम तरी यायला हवा. कमी व्होल्टेजवर घुमून घुमून वाइंडिंग भाजलं होतं, वरून जुन्या तेलाची भर.

मग एकेक गोष्ट जुळली. इन्सुलेशन गेलं तसा करंट बॉडीवाटे अर्थला जाऊ लागला आणि मेनचा आरसीसीबी पडू लागला. गेलेला आणि आलेला करंट सारखा आहे का, एवढंच तो बघतो. 30 मिलिअँपचा फरक पडायच्या आत तोडतो. अर्थ काढला की करंटला जायला वाट नाही, फरक नाही, आरसीसीबी गप्प. मशीनच्या बॉडीत करंट मात्र तसाच, जमिनीवर उभं असलेल्या माणसाची वाट बघत.

"मामा, मशीनला हात लावल्यावर काही जाणवतं का?"

"मुंग्या येतात. शुगर आहे ना मला. गोळ्या चालू आहेत."

एक मिलिअँपच्या आसपास मुंग्या येतात, दहाच्या पुढं स्नायू आखडून हात सुटत नाही. मामांच्या पायाखाली लाकडी फळ्या आणि रबरी स्लिपर होती, म्हणून मुंग्यांवर निभावलं. दारात जून होता आणि शेडच्या पत्र्याला भोकं होती.

मोटार रिवाइंडिंगला धाडली. मेन बोर्डातून, घरच्या आरसीसीबीच्या आधीच, वेगळी लाईन काढली: 20 अँपचा सी कर्व्ह डबल पोल एमसीबी, चार एमएमची तांब्याची तीन कोअर केबल, शेडमध्ये तिचा स्वतंत्र 30 मिलिअँपचा आरसीसीबी, म्हणजे शेडमधल्या फॉल्टनं घरातला फ्रीज बंद पडायला नको. डीओएल स्टार्टर, म्हणजे मोटार चालू-बंद करायचा बटणाचा डबा, त्याचा जादा करंटला तोडणारा ओव्हरलोड मोटारच्या पाटीवरच्या अँपला लावलेला. त्याची नो-व्होल्ट कॉइल, लाईट गेली की स्टार्टर सोडणारी, मला सगळ्यात जास्त प्रिय. लाईट जाऊन आली तर चकात, म्हणजे मशीनच्या पकडीत, जॉब असताना मशीन आपोआप फिरत नाही. मामांना हे सांगावं लागलं नाही, कारखान्यात त्यांनी तसं फिरताना बघितलंय. शेडजवळ खड्डा घेऊन नवा अर्थ काढला. मामांचा मुलगा बिल बघून म्हणाला, "खड्ड्याचे एवढे? आधीच्यानं तर तीनशेत केलं होतं."

मोटार परत आली, मेगरवर 50 मेगओहमच्या वर. पहिल्यांदा बटण दाबलं तेव्हा घरातला बल्ब जेमतेम मिचकला.

रात्री त्या बाकावरच्या मित्राला फोन केला. भांडायच्याच तयारीनं. तो शांतपणे म्हणाला, "भावा, मामा रोज फोन करायचे, ट्रिप होतंय म्हणून. मोटार खराब आहे म्हटलं तर म्हणाले, मोटार फिरतीय की. मी नाही म्हटलं असतं तर तिसऱ्याला बोलावलं असतं. त्यानं आरसीसीबीच काढून टाकला असता."

तिसऱ्याबद्दलचं त्याचं म्हणणं खोटं नाही, आणि हेच मला खटकतंय. पण मोटार खराब हे त्यानं अंदाजानं सांगितलं होतं. शून्यावरचा काटा मामांना दाखवला असता तर? आयुष्यभर मायक्रोमीटर वाचलेला माणूस तो, काट्याशी वाद घातला नसता. आमच्यातले निम्मे वायरमन टेस्टर, पक्कड आणि टेप घेऊन फिरतात. न मोजता सांगितलेलं गिऱ्हाईक का ऐकेल?

त्याला म्हटलं, मेगर घे. म्हणाला, तुझाच दे दोन दिवस. नेलाय, अजून परत दिलेला नाही.