व्हडलें घर

आज जुन्या गोव्यात होतो. से कॅथेड्रलमध्ये प्रार्थना केली आणि मुद्दाम बाहेरच्या मोकळ्या जागेत जाऊन उभा राहिलो. इन्क्विझिशनचा, म्हणजे धर्म नीट न पाळणाऱ्यांची चौकशी करून शिक्षा देणाऱ्या चर्चच्या न्यायालयाचा, वाडा इथंच होता. लोक त्याला 'व्हडलें घर', म्हणजे मोठं घर, म्हणत. आता नुसतं गवत, आणि सेल्फी काढणारे पर्यटक.

1560 ते 1812 हे न्यायालय चाललं. मधली तीनचार वर्षंच काय ती सुटका. 1736 च्या फर्मानात तर दारात तुळस लावणं, हिंदूंसारखा बिनमिठाचा भात शिजवणं हेसुद्धा गुन्हे! आणि हे सगळं कुणासाठी, तर मुख्यतः बाप्तिस्मा घेतलेल्यांसाठी. म्हणजे आमच्याच माणसांसाठी.

याच गोव्यात फादर स्टीफन्स या इंग्रज धर्मगुरूंचं क्रिस्तपुराण हे ख्रिस्तकथेचं मराठी काव्य 1616 मध्ये छापलं गेलं होतं. पुढे 1684 मध्ये पोर्तुगीज सरकारचा हुकूम निघाला, तीन वर्षांत कोकणी सोडा.

वसईला आईला फोन केला. "असलं काही लिहू नकोस रे बाबा, लोकांच्या हाती कोलीत मिळतं." तिची भीती अगदीच खोटी नाही. पण म्हटलं, आई, 2000 साली खुद्द पोप जॉन पॉल दुसरे यांनी, सत्याच्या नावाखाली चर्चच्या लोकांनी केलेल्या हिंसेबद्दल जाहीर क्षमा मागितली.

ती थोडा वेळ गप्प. मग म्हणाली, "जेवलास का?"