‘संघनायकाला विचार!’

आमच्या स्काऊटच्या सरांना काहीही विचारा, उत्तर ठरलेलं असायचं. “सर, तंबू कुठं ठोकायचा?” “संघनायकाला विचार.” “सर, मीठ संपलं.” “संघनायकाला विचार.” संघनायक कोण, तर नववीतला एक पोरगा, आपल्याहून फार तर वर्षाने मोठा. त्याला तरी काय ठाऊक असणार, असं तेव्हा वाटायचं. शाळा सुटली, नोकरी लागली, बदल्यांमागे जिल्हे फिरून झाले आणि पुन्हा गावी स्थिरावल्यावर मी शनिवारी दुपारी आपल्या शाळेच्या मैदानावर पथकाच्या मदतीला येऊ लागलो. तेव्हापासून आजपर्यंत सरांच्या त्या दोन शब्दांमागे किती विचार होता, ते मला थोडं थोडं उमगत आलं आहे. अमृतमहोत्सवी स्मरणिकेसाठी लिहा म्हटल्यावर म्हणूनच दुसरा विषय सुचला नाही.

स्काऊटिंगची सुरुवातच मुळी या विश्वासावर झाली. 1907 च्या ऑगस्टमध्ये ब्रिटिश सेनाधिकारी बेडन-पॉवेल यांनी इंग्लंडमधल्या ब्राउनसी बेटावर साधारण वीस मुलांचं पहिलं शिबिर घेतलं. बड्या घरची, नामांकित शाळांतली काही मुलं आणि कष्टकऱ्यांच्या घरची काही मुलं त्यांनी मुद्दाम एकत्र आणली. त्यांचे चार संघ केले, लांडगा, बैल, कर्ल्यू पक्षी आणि रॅव्हन कावळा अशी त्यांना नावं दिली आणि प्रत्येक संघाची जबाबदारी त्यातल्याच एका मुलाकडे सोपवली. सेनेतला एवढा नावाजलेला अधिकारी हाताशी असताना मुलांना हुकूम मात्र मुलगाच देत होता. मला त्या शिबिरातली सर्वांत मोठी गोष्ट हीच वाटते. गणवेश, पदकं, बिल्ले हे सगळं त्यानंतरचं.

आपल्या वऱ्हाडाचा या चळवळीशी संबंध फार जुना आहे, हे आजच्या मुलांना मी आवर्जून सांगतो. सुरुवातीला भारतातली स्काऊट पथकं इंग्रजांच्या आणि अँग्लो-इंडियन मुलांसाठी होती. भारतीय मुलांना त्यात जागा नव्हती. 1913 मध्ये मध्य प्रांतात विवियन बोस यांनी भारतीय मुलांसाठी स्काऊटिंग सुरू केलं. हेच बोस पुढे नागपूर उच्च न्यायालयाचे मुख्य न्यायाधीश आणि नंतर सर्वोच्च न्यायालयाचे न्यायमूर्ती झाले. आपलं वऱ्हाड तेव्हा त्याच कारभारात होतं. त्यानंतर मद्रासकडे ॲनी बेझंट यांनी, अलाहाबादला पंडित मदनमोहन मालवीय, हृदयनाथ कुंझरू आणि श्रीराम बाजपेयी यांनी आपापल्या संघटना उभ्या केल्या. स्वातंत्र्यानंतर, 7 नोव्हेंबर 1950 रोजी, सगळे प्रवाह भारत स्काऊट्स आणि गाईड्स या नावाखाली एकत्र आले आणि पुढच्या वर्षी गर्ल गाईड्सही त्यात सामील झाल्या. आपला इतिहास नुसता झेंड्या-गणवेशाचा नाही, आपला इतिहास माणसांनी हक्काने मागून घेतलेल्या जागेचा आहे, आणि मुलांना तो सांगितला की त्यांचा स्कार्फ ती अधिक नीट घडी घालून ठेवतात, हा माझा अनुभव आहे.

आमच्या वेळी पथकात चार संघ होते. मी मोर संघातला. एका संघात 6 ते 8 जण, आणि प्रत्येकाकडे काम. कुणी कोठी सांभाळायचा, कुणी प्रथमोपचाराची पेटी, कुणी खर्चाचा हिशेब, कुणी संघाची वही लिहायचा. बिनकामाचा एकही नाही. सर शुक्रवारी शाळा सुटल्यावर फक्त संघनायकांना थांबवून घ्यायचे. रीफ नॉट, क्लोव्ह हिच, बोलाईन या गाठी, त्रिकोणी पट्टीची झोळी, दोन लाठ्या आणि दोन सदरे वापरून स्ट्रेचर, जे काही शिकवायचं ते त्या चौघांना. शनिवारी ते चौघे आम्हाला शिकवायचे. “उजवा डाव्यावर, मग डावा उजव्यावर,” असं म्हणत आमचा संघनायक माझ्या हातातली दोरी पुन्हा पुन्हा सोडायचा. रीफ नॉट सपाट बसते, जखमेवरच्या पट्टीला टोचत नाही आणि सुटायलाही सोपी, म्हणून पट्टी बांधायला तीच. बोलाईनचा फास आवळत नाही, म्हणून विहिरीत पडलेल्याला वर घ्यायला ती. ‘का’ समजलं की गाठ विसरत नाही. आज मी तेच करतो. लहान मुलं माझ्याकडे धावत आली तरी मी त्यांना गाठ दाखवत नाही. त्यांच्या नायकाला दाखवतो, आणि तो दाखवत असताना मैदानाच्या पलीकडच्या कडुलिंबाखाली जाऊन बसतो.

चिखलदऱ्याचं शिबिर आमच्या पिढीतल्या सगळ्यांच्या लक्षात असेल. डिसेंबरातली थंडी, गाविलगडाकडून येणारा वारा, आणि भांड्याविना स्वयंपाकाची परीक्षा. वऱ्हाडातल्या पोरांना यात अवघड ते काय? रोडगे करायचे ठरले. गोवऱ्यांचा जगरा पेटवला, कणीक मळली, गोळे वळले. आमच्या संघात पहिल्यांदाच घराबाहेर झोपायला आलेला सहावीतला एक पोरगा होता. अंधार पडला तसा तो मुसमुसायला लागला. “रडू नको” असं आमचा नायक एकदाही म्हणाला नाही. त्याने त्याच्या हातात चिमटा दिला आणि म्हणाला, “हे सगळे रोडगे आता तुझे. एकही जळता कामा नये.” पोरगा विस्तवाजवळ बसला. नाक पुसत एकेक रोडगा फिरवू लागला. वाऱ्याने जगरा एका बाजूने भडकला होता, त्यामुळे रोडगे वरून काळे आणि आतून कच्चे निघाले. सर वीस पावलांवर बसलेले, सगळं बघत असलेले. ते उठले नाहीत. आमच्या नायकाने रोडगे फोडून पुन्हा राखेत घातले. जेवायला रात्रीचे दहा वाजले. वरण होतं, वांग्याची भाजी होती, कुणीही कुरकुरलं नाही. सकाळी नायकाने संघ गोल बसवला आणि ठरवलं, की आज जगरा तासभर आधी पेटवायचा, वाऱ्याच्या बाजूला दगड लावायचे आणि विस्तव निवला की मगच गोळे टाकायचे. त्या दिवशीचे रोडगे सरांना ताटात वाढले. चिमटेवाला पोरगा पुढे मोर संघाचा नायक झाला.

त्या रात्री सर उठले असते, तर रोडगे वेळेवर झाले असते. पण दुसऱ्या दिवशीचं ते ठरवणं कधीच झालं नसतं. मोठ्या माणसाने जागच्या जागी बसून राहणं ही फार कष्टाची गोष्ट आहे. पोरांना इजा होईल तिथे क्षणाचाही विलंब न लावता धावायचं, आणि नुसती फजिती होणार असेल तर होऊ द्यायची, हे ओळखायला सरांची नजर लागते. (आताच्या शिबिरांना गोवऱ्या आम्ही गावातूनच नेतो. मेळघाटातली काडीही उचलायची नाही, हा नियम कोर्ट ऑफ ऑनरमध्ये, म्हणजे संघनायकांच्या सभेत, मुलांनीच केला आहे.)

परंपरांबद्दल थोडं. डाव्या हाताने हस्तांदोलन, तीन बोटांचा सॅल्यूट, वचन, रोजचं एक सत्कृत्य, शेकोटीभोवतीच्या टाळ्या, 22 फेब्रुवारीचा चिंतन दिन. बाहेरच्याला हे कवायतीसारखं वाटतं. डाव्या हाताची कथा अशी सांगतात, की योद्ध्याच्या डाव्या हातात ढाल असते आणि डावा हात पुढे करायचा तर ती खाली ठेवावी लागते. दीक्षाविधीत सहावीतल्या मुलापुढे हेडमास्तर आपला डावा हात करतात, तेव्हा ते मूल जे ताठ होतं, ते मी दरवर्षी बघतो आणि दरवर्षी मला भरून येतं. पण माझी सर्वांत लाडकी परंपरा आहे संघाची वही. जाणारा नायक येणाऱ्या नायकाला ती सर्वांसमोर देतो. पाऊस कुठून आत आला, कुणाला कसली ॲलर्जी आहे, डाळ किती पुरली, सगळं तिच्यात. मोर संघाच्या जुन्या वहीत “जगरा तासभर आधी” ही ओळ आजही वाचायला मिळते.

‘खरी कमाई’विषयीही मला आस्था आहे. स्काऊटने आपल्या खर्चाचा पैसा कष्ट करून मिळवायचा, ही मूळ कल्पना. आमच्या वेळी आम्ही सायकली धुतल्या, वखारीत लाकडं रचली. आता शाळेच्या आवारात खाद्यपदार्थांचे स्टॉल लागतात. तेही चांगलंच आहे, फक्त कचोऱ्या आईने तळायच्या, हिशेब बाबांनी ठेवायचा आणि मुलाने गल्ल्यावर नुसतं बसायचं, असं झालं तर त्यात कमाई कुणाची? आपल्या शाळेत गेली काही वर्षं नियम आहे: मालाची खरेदी, चुलीवरचं काम आणि नफातोट्याचा कागद, तिन्ही मुलांच्या हातचं हवं. तोटा झाला तर तोटाच लिहायचा.

एक दुखणं बोलून दाखवतो. स्काऊटचं पथक म्हणजे पाहुण्यांच्या स्वागताला दोन्ही बाजूंनी उभं करायची मुलं, असा समज बऱ्याच ठिकाणी रुजला आहे. राज्य पुरस्काराच्या प्रमाणपत्राने दहावीला वाढीव गुण मिळतात, म्हणून काही पालक ऐन वेळी नाव घालायला येतात. एका मेळाव्यात मी शिक्षकांना स्वतः बांबूचं प्रवेशद्वार बांधताना पाहिलं, आणि मुलं सावलीत उभी होती. प्रवेशद्वार सुंदर झालं, पहिला क्रमांकही आला. परतीच्या बसमध्ये त्यांच्यातल्या एका मुलाने माझ्याकडे बघून विचारलं, “काका, स्क्वेअर लॅशिंग कशी सुरू करतात?” (दोन बांबू आडवे-उभे बांधायची ती पद्धत.) त्याला शिकायचं होतं. ती भूक आजच्या मुलांत नाही, असं म्हणणाऱ्यांशी मी भांडतो.

म्हणून शिक्षकांनी आणि माझ्यासारख्या बाहेरच्या कार्यकर्त्यांनी प्रशिक्षण घ्यावं, असा माझा आग्रह असतो. 1919 मध्ये लंडनजवळच्या गिलवेल पार्कला पहिला वुड बॅज वर्ग झाला. पूर्ण करणाऱ्याला गळ्यात लाकडाचे दोन मणी मिळतात, आपल्याकडे त्याला हिमालय वुड बॅज म्हणतात. राष्ट्रीय प्रशिक्षण केंद्र पचमढीला आहे. तिथल्या चौरागडच्या महादेवामुळे तो रस्ता वऱ्हाडातल्या माणसाला नवा नाही. त्या वर्गात मोठ्यांचेही संघ करतात. पन्नाशीचे मुख्याध्यापक आपल्या निम्म्या वयाच्या संघनायकाचं ऐकून पातेली घासतात. आज्ञा पाळताना मनात काय काय येतं, हे एकदा स्वतः अनुभवलेला माणूस मुलांना आज्ञा देताना वेगळाच बोलतो.

आपल्या शाळेत आता मुलींची गाईड कंपनीही जोमात आहे, आणि खरं सांगायचं तर त्यांच्या संघांच्या वह्या मुलांपेक्षा सरस असतात. महोत्सवी वर्षाच्या शिबिराची आखणी स्काऊट आणि गाईड दोघांच्या संघनायकांनी एकत्र बसून केली आहे. माजी विद्यार्थ्यांना बोलवायचं का, यावर बरीच चर्चा झाली. ठरलं ते असं: शेवटच्या संध्याकाळी शेकोटीला यावं. ताट-वाटी आपापली आणावी. तंबूंच्या दोऱ्यांना आणि चुलींना हात लावू नये. कुणाला काही विचारायचं असेल, तर प्रवेशद्वारापाशी त्या दिवशीची संघनायिका उभी असेल.