जी गुहाच नाही, ती बघायला

जर्मनीतल्या ड्युसेलडॉर्फला राहणाऱ्या माझ्या मावसभावाने फोनवरच बजावलं होतं, "अगं ताई, तिथे गुहाबिहा काही नाहीये. फोटो काढायला जाशील आणि हिरमुसून येशील." त्याचं म्हणणं शब्दशः खरं आहे. निअँडरथल मानव, म्हणजे आपल्या जवळचा पण आता नामशेष झालेला प्राचीन माणूस; त्याचं हे नाव ज्या दरीमुळे पडलं, त्या दरीतली ती गुहा चुनखडीच्या खाणीने केव्हाच खाल्ली. नुसती गुहा नव्हे, तिच्याभोवतीचा कडा आणि जवळजवळ अख्खी घळ.

ड्युसेलडॉर्फच्या मुख्य स्टेशनवरून एस-२८ लोकल पकडली की थोड्याच वेळात निअँडरथल नावाचंच स्टेशन येतं. उतरलं की गर्द झाडी आणि खाली ड्युसेल नदी. नदी म्हणायचं ते नावाला, पावसाळा ओसरल्यावरच्या आपल्या ओढ्याएवढं पाणी. सतराव्या शतकात योआखिम निअँडर नावाचा एक तरुण धर्मोपदेशक इथे यायचा. त्याने स्तोत्रं रचली आणि तिशीतच तो गेला. पुढे दरीला त्याचं नाव मिळालं. एकोणिसाव्या शतकात ड्युसेलडॉर्फचे चित्रकार इथले उभे कडे आणि धबधबे रंगवायला येत. मग कारखानदारी आली, चुनखडीला मागणी आली आणि कडे सुरुंगाने उडू लागले. आज ती घळ कशी होती हे बघायचं तर त्या चित्रांकडेच जावं लागतं.

ऑगस्ट १८५६. क्लाइने फेल्डहोफर नावाच्या लहानशा गुहेतला गाळ मजूर उपसत होते. गुहेचं तोंड दरीच्या तळापासून साधारण वीस मीटर उंचावर होतं, त्यामुळे काम सोपं होतं: फावडं भरायचं आणि खाली भिरकावायचं. गाळाबरोबर हाडंही खाली गेली. खाणमालकांपैकी एकाचं लक्ष गेलं, त्याला ती गुहेतल्या अस्वलाची वाटली, म्हणून उरलेली गोळा करून ठेवली गेली. एल्बरफेल्डच्या शाळेतले शिक्षक योहान कार्ल फुलरोट यांना निसर्गाच्या अभ्यासाचं वेड होतं, त्यांना ती दाखवली. ही माणसाची हाडं आहेत, पण आपल्यासारख्या माणसाची नाहीत, हे त्यांनी ओळखलं. डार्विनचा उत्क्रांतीवरचा ग्रंथ यायला अजून तीन वर्षं होती. एका शाळामास्तराने हे बोलायला काय छाती लागली असेल, याचा विचार मी तिथे बराच वेळ करत होते.

'तिथे' म्हणजे मनोऱ्यावर. गुहेच्या जागी २०२२ साली एक मनोरा उभारला आहे. चढून गेलं की आपण जवळपास त्या उंचीवर उभे राहतो जिथे गुहेचं तोंड होतं. समोर काही नाही, नुसती हवा. मला ही कल्पना फार आवडली. सिमेंटची खोटी गुहा बांधून आत दिवे सोडण्याचा मोह टाळलाय, याबद्दल जर्मनांना शंभर गुण.

फुलरोट आणि बॉनचे शरीरशास्त्रज्ञ हेर्मान शाफहाउझेन यांनी १८५७ मध्ये हाडं जगापुढे मांडली आणि पंडितांची तारांबळ उडाली. बॉनच्याच आउगुस्ट मायर यांनी निष्कर्ष काढला की हा १८१४ मध्ये नेपोलियनचा पाठलाग करत आलेला रशियन कोझॅक घोडेस्वार असावा, मांडीची हाडं वाकली ती घोड्यावर बसून! मरायला टेकलेला स्वार उभ्या कड्यात का चढला, हे बहुधा घोड्यालाच ठाऊक. रुडॉल्फ फिर्खो हे तर त्या काळातलं वैद्यकातलं सर्वांत मोठं नाव. त्यांनी लहानपणी मुडदूस आणि म्हातारपणी संधिवात असं निदान करून प्रकरण मिटवलं. १८६४ मध्ये भूवैज्ञानिक विल्यम किंग यांनी 'होमो निअँडरथलेन्सिस' ही वेगळी जात ठरवली, तीही आपल्यापासून जितकी लांब ठेवता येईल तितकी. आजारी चालेल, परका चालेल, पण नात्यातला नको, असा एकूण सूर.

गंमत म्हणजे खाली फेकलेला तो गाळ तिथेच पडून होता. १९९७ मध्ये राल्फ श्मित्स आणि युर्गेन थिसेन या पुरातत्त्वज्ञांनी तो शोधून काढला आणि त्यात मिळालेला हाडाचा एक तुकडा १८५६ च्या डाव्या मांडीच्या हाडाला, गुडघ्यापाशी, तंतोतंत बसला. एकशे एक्केचाळीस वर्षांनी! चाळीसेक हजार वर्षांपूर्वीच्या त्याच माणसाचा. शिवाय आणखी एका निअँडरथलची हाडं निघाली, म्हणजे गुहेत तो एकटा नव्हता. १८५६ मध्ये सापडलेल्या त्या पहिल्याचं डावं कोपर मोडून वाकडं सांधलं होतं आणि त्या हाताने तो पुढची वर्षं जगला होता.

त्याच १९९७ मध्ये त्याच्या उजव्या दंडाच्या हाडातून जनुकशास्त्रज्ञ स्वांते पेबो यांच्या गटाने मायटोकाँड्रियाचा, म्हणजे पेशीतल्या ऊर्जाकेंद्रांचा डीएनए मिळवला. तो आपल्याशी जुळला नाही. झालं, पुन्हा सगळे म्हणाले, बघा, आपला काही संबंध नाही. पण तो डीएनए फक्त आईकडून येतो, सगळा हिशेब त्यात सापडत नाही. २०१० मध्ये क्रोएशियातल्या विंदिया गुहेतल्या हाडांवरून पेशीकेंद्रातला डीएनए वाचला गेला, आणि आफ्रिकेबाहेरच्या लोकांमध्ये निअँडरथलचा अंश आहे हे उघड झालं. पेबोंना २०२२ चं नोबेल मिळालं.

दरीतल्या संग्रहालयात निअँडरथलचा एक पुतळा सुटाबुटात कठड्याला टेकून उभा आहे. नाव 'मिस्टर ४ टक्के'. आपल्यातल्या त्याच्या अंशाचा तेव्हाचा अंदाज १ ते ४ टक्क्यांचा होता, आता तो दोनच्या आसपास धरतात. साहेबांची पगारकपात झाली म्हणायची. पर्यटक त्याच्या खांद्यावर हात टाकून फोटो काढतात. मला तो प्रकार जरा स्वस्तातला वाटला.

त्याच्यासमोर मला आठवलं ते २०२० मधलं संशोधन. ह्यूगो त्सेबर्ग आणि पेबो यांनी दाखवलं की कोविड गंभीर होण्याचा धोका वाढवणारा तिसऱ्या गुणसूत्रावरचा एक तुकडा निअँडरथलकडून आलेला आहे. युरोपात तो सुमारे १६ टक्के लोकांमध्ये, दक्षिण आशियात मात्र जवळपास निम्म्यांमध्ये. भारतात निअँडरथलचं एकही हाड मिळालेलं नाही, आणि त्याचा हा वारसा आपल्याकडे युरोपाच्या तिप्पट! त्या दोन वर्षांत माझ्या ओळखीच्या घरांत जे घडलं त्याला कारणं अनेक होती, खाटा, ऑक्सिजन, वय, मधुमेह. हे त्यातलं एक असू शकेल. उलट बाराव्या गुणसूत्रावरचा त्याचाच दुसरा तुकडा थोडं संरक्षणही देतो. वडिलोपार्जित इस्टेटीत कर्ज आणि जमीन दोन्ही येतात, तसंच.

जवळच हिमयुगातल्या प्राण्यांची आठवण म्हणून ठेवलेलं एक उद्यान आहे, १९३५ पासूनचं. निरनिराळ्या पाळीव गुरांच्या संकरातून, नामशेष झालेल्या ऑरॉक्स या रानटी गुरांसारखे दिसावेत म्हणून तयार केलेले बैल तिथे चरतात. मुलं बरोबर असतील तर जा.

जाणार असाल तर सोमवार टाळा, संग्रहालय बंद असतं. आधी मनोरा, मग संग्रहालय. आणि एक लक्षात ठेवा, इथे बघाल त्या प्रतिकृती आहेत. मूळ हाडं बॉनच्या राज्य संग्रहालयात आहेत. ड्युसेलडॉर्फहून बॉनलाही रेल्वेने सहज जाता येतं, तेव्हा एक दिवस त्यासाठी वेगळा काढा आणि १९९७ मधला तो तुकडा गुडघ्यापाशी कुठे जोडलाय ते नीट निरखून बघा.