पुढच्या वर्षी किती कमवाल?

अमेरिकेत नोकरी सोडून स्वतःचं काही सुरू केलं की भारतातली माणसं विचारतात, "धंदा कसा चाललाय?" इथली आपली मंडळी विचारतात, "इन्शुरन्सचं काय केलंत?" दुसरा प्रश्न जास्त नेमका आहे. इथे पासष्टीच्या आतल्या बहुतेकांचा आरोग्य विमा नोकरीला बांधलेला असतो. नोकरी सुटली की तोही सुटतो. जुनाच विमा कोब्रा कायद्याखाली साधारण दीड वर्ष चालू ठेवता येतो खरा, पण कंपनी भरत होती तो वाटाही आपल्याच खिशातून, वर 2 टक्के. तो आकडा बघून माझा नवरा काही वेळ काहीच बोलला नव्हता.

म्हणून आम्ही मार्केटप्लेसवर. 2010 च्या ओबामाकेअर कायद्यातून आलेली ही सोय. विमा खासगी कंपन्याच विकतात. सरकार त्यांना एका ठिकाणी बसवतं, नियम घालून देतं आणि उत्पन्न बघून हप्त्याला हातभार लावतं. शुगर आहे, बीपी आहे म्हणून कुणाला नाकारता येत नाही की जास्त पैसेही लावता येत नाहीत. आमच्या टेक्सासची वेगळी वेबसाइट नसल्यामुळे केंद्राच्या हेल्थकेअर डॉट गव्हवर जायचं. 1 नोव्हेंबरला नोंदणी उघडते, आणि 1 जानेवारीपासून विमा हवा तर 15 डिसेंबरच्या आत उरकायचं.

प्लॅनचे दर्जे आहेत ब्राँझ, सिल्व्हर, गोल्ड असे: ब्राँझला हप्ता कमी आणि आजारपणात खिशातून जास्त, गोल्डला उलट. लोक ब्राँझ घ्यावा की सिल्व्हर यावर तासन्‌तास बोलतात. खरा घाम फुटतो तो त्याच्या आधी, जेव्हा फॉर्म विचारतो की पुढच्या वर्षी तुमच्या कुटुंबाचं उत्पन्न किती असेल. नोकरदाराला हे सोपं आहे. नवऱ्याचं कन्सल्टिंग, कुठला क्लायंट मार्चमध्ये पैसे देईल आणि कुठला दिवाळीपर्यंत झुलवेल ते ब्रह्मदेवालाही ठाऊक नाही. शिवाय भारतातल्या एनआरई, म्हणजे अनिवासी भारतीयांच्या, ठेवींचं व्याजही धरायचं. तिकडे ते करमुक्त असलं तरी इथे उत्पन्नच आहे.

आधी या अंदाजात थोडं इकडेतिकडे झालं तर फार बिघडत नसे. 2021 ते 2025 वाढीव सबसिडी होती. ती 2025 अखेर संपली आणि उत्पन्नाची जुनी वेस परत आली: इथल्या सरकारी दारिद्र्यरेषेच्या चौपट. आम्ही दोघं, दोन मुलं आणि सासूबाई अशा पाच माणसांच्या घराला 2026 साठी ही वेस 1,50,600 डॉलरवर आहे. वेशीच्या आत असलात तर ठरावीक सिल्व्हर प्लॅनसाठी उत्पन्नाच्या फार तर 9.96 टक्के तुमच्या डोक्यावर, बाकी सरकार बघतं. एका डॉलरनेही बाहेर गेलात की सबसिडी शून्य. आणि वर्षभर आगाऊ घेतलेली सबसिडी टॅक्स भरताना परत करायची. वेशीच्या आत राहून अंदाज चुकला तर परतफेडीला पूर्वी मर्यादा असायची, तीही 2026 पासून काढून टाकली. डिसेंबरात एखाद्या क्लायंटने उदार होऊन जुनं बिल चुकतं केलं तर आनंद मानायचा की डोकं धरायचं, हेच कळत नाही.

यातून एक पळवाट, अगदी कायदेशीर. 2026 पासून मार्केटप्लेसवरचे सगळे ब्राँझ प्लॅन हेल्थ सेव्हिंग्ज खात्याला, म्हणजे औषधपाण्यासाठी पैसे साठवायच्या करसवलतीच्या खात्याला, चालतात. 2026 साठी कुटुंबाचे 8,750 डॉलरपर्यंत त्यात टाकले की तेवढं उत्पन्न कमी धरलं जातं. म्हणून आम्ही चौघांना ब्राँझ घेतला. डिडक्टिबल, म्हणजे कंपनीने हात लावण्याआधी आपण भरायची रक्कम, पाच आकडी. मुलांनी झाडावर चढू नये, एवढंच.

सासूबाईंना वेगळा गोल्ड. त्या ग्रीन कार्डवर आल्या, वय अडुसष्ट, पण पाच वर्षं इथे राहिल्याशिवाय त्यांना मेडिकेअर, म्हणजे पासष्टीनंतरचा सरकारी विमा, नाही. आई-वडिलांचं ग्रीन कार्ड करावं का, असं मला विचारणाऱ्यांनी हे आधी मोजावं. तर त्यांचा फॉर्म भरताना प्रश्न आला: तंबाखूचं सेवन करता का? नवरा सरळ 'नाही' करून पुढे निघाला होता.

"आणि मिशरी?" मी म्हटलं.

"मिशरी म्हंजी काय तंबाखू व्हय?" सासूबाई सोफ्यावरून. "दाताला लावती मी."

भाजून काळी केलेली तंबाखूच ती. नियम असा की गेल्या सहा महिन्यांत सरासरी आठवड्यातून चार किंवा जास्त वेळा कुठल्याही प्रकारची तंबाखू घेतली असेल तर 'हो'. मग कंपनी हप्ता दीडपटीपर्यंत वाढवू शकते आणि त्या वाढीला सबसिडी लागू नाही. धार्मिक वापराला मात्र सूट आहे, हे नवऱ्याने वाचून दाखवलं.

"मग धार्मिकच लिव्ह की! मिशरी लावून आंघोळ केल्याबिगर मी कधी देवाला हात लावलाय का?"

'हो' लिहिलं. हप्ता वाढला. साताऱ्याहून येणाऱ्या पाहुण्यांकडून मिशरीची पुडी मागवणं अजून चालूच आहे.

आणखी एक आपल्याकडचा घोळ नावाचा. पासपोर्टवर नाव आणि नवऱ्याचं नाव एकाच रकान्यात, सोशल सिक्युरिटी कार्डावर (इथल्या सरकारी ओळख क्रमांकाच्या) तुटक. दोन्ही जुळलं नाही की विमा मिळतो, पण कागदपत्रं चढवायला साधारण तीन महिन्यांची मुदत देतात. आणि पहिला हप्ता भरेपर्यंत काहीच सुरू होत नाही, ते निराळं.

ज्यांची मुलं एच-1बीवर, म्हणजे नोकरीच्या व्हिसावर, आहेत त्यांच्यासाठी एक मोठा बदल येतोय. जुलै 2025 च्या कायद्यानुसार 2027 पासून एच-1बी, एच-4 (त्यांचं कुटुंब), एफ-1 (विद्यार्थी) वाल्यांना ही सबसिडी बंद. ग्रीन कार्डवाल्यांची चालू राहील. लेऑफ झाला की मार्केटप्लेसवर यायला साठ दिवस मिळतात, आणि नवी नोकरी शोधून व्हिसा टिकवायलाही साधारण तेवढेच. त्या दोन महिन्यांत यापुढे विमा पूर्ण भावाने घ्यावा लागेल, तेव्हा मुलाने बाजूला टाकलेल्या पैशात घरभाड्यासोबत हाही आकडा धरलाय का, ते पुढच्या रविवारच्या व्हिडिओ कॉलवर विचारा.